वही घेऊन गहुंज्याला

बुधवार, २३ ऑक्टोबर २०२४ : कोल्हापूर ते रावेत

"पाच दिवस? काम न्हाई काय तुला?"

कसोटी बघायला पुण्याला चाललोय म्हटल्यावर कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच येतो. आमच्याकडं खेळ म्हणजे आधी कुस्ती, मग फुटबॉल. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांचा फुटबॉल सामना असला की शाहू स्टेडियमला मुंगी शिरायला जागा नसते, पेठांपेठांत आठवडाभर आधीपासून टोमणे सुरू असतात. क्रिकेट बघतात सगळे, पण टीव्हीवर, आणि शक्यतो वीस षटकांचं. कसोटीसाठी सुट्टी काढणारा माणूस म्हणजे जरा सुटलेलाच.

मला मात्र कसोटीच बघायची असते, कारण मी स्कोअर लिहितो. शास्त्रीनगरच्या मैदानावर क्लबचे सामने असतात, तिथं टेबल टाकून दिवसभर ठिपके मारत बसणारा तो मीच. निर्धाव चेंडूला टिंब, सहाच्या सहा टिंबं आली की ती जोडून इंग्रजी एम काढायचा, त्या मेडनमध्ये विकेटही पडली की डब्ल्यू. आता मोबाईलवर सगळं होतं, आमच्या क्लबची पोरंही ॲपवरच भरतात. पण मला वही लागते. भारत–न्यूझीलंड कसोटी पुण्याजवळच्या गहुंज्याला होणार असं कळल्यावर नवी वही, लाल–निळी पेनं आणि पाचही दिवसांची तिकिटं, अशी तयारी झाली.

सोबत मामा आणि पुतण्या. मामा ऊसवाले, तरुणपणी तालमीत घुमलेले. क्रिकेटशी त्यांचा संबंध एवढाच की सामना चालू असताना बातम्या लागत नाहीत. "पुण्यात ताईकडं दिवाळीआधी जाऊन यायचंच हाय, तर चला" म्हणून आले. पुतण्या कॉलेजात, अंगात विराट कोहलीचा अठरा नंबरचा निळा शर्ट. कसोटीला पांढरे कपडे असतात रे, असं म्हटलं तर म्हणाला, "काका, खेळणाऱ्याचे पांढरे. बघणाऱ्याचे न्हाईत."

रस्त्याबद्दल काय लिहायचं? कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरण चाललंय. दर दोन-चार किलोमीटरला गाडी सेवा रस्त्यावर उतरवा, पुन्हा वर चढवा. पेठ नाक्याला चहा, कराडला पुन्हा चहा, खंबाटकी उतरेपर्यंत अंधार. कात्रजचा बोगदा, नवले पूल, चांदणी चौक, वाकड असं करत रावेतला ताईच्या दारात पोचलो तेव्हा दाजी जेवायचे थांबले होते. "आलासा? या, या. वाहतूक कुठं लागली?" कोल्हापुरातून येणाऱ्याला पुणेकर नातेवाईक तब्येत विचारत नाहीत, हे विचारतात.

गुरुवार, २४ ऑक्टोबर : पहिला दिवस

रावेतहून गहुंजे हाकेच्या अंतरावर. किवळ्यापाशी द्रुतगती मार्ग सुरू होतो, तिथून पुढं डाव्या-उजव्या हाताला टेकड्या दिसू लागतात आणि मधेच, आजूबाजूला नव्या इमारतींच्या क्रेन असताना, वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम. नाव पुण्याचं असलं तरी हे मावळ तालुक्यातलं गाव. गाडी लांब लावावी लागली, तिथून चालत. पिशव्या आत नेता येत नाहीत हे माहीत होतं, त्यामुळं भडंगाची पिशवी गाडीतच राहिली. मामांचा जीव त्या पिशवीत अडकला होता. उपाहाराच्या वेळी तीनदा आठवण काढली.

माझी वही दारावरच्या पोलिसाने उलटीपालटी करून बघितली. "हे काय?"

"स्कोअर लिहितो, साहेब."

"समोर एवढा मोठा बोर्ड हाय की." पण सोडलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते आकाश. प्रेक्षकांच्या बऱ्याच भागावर छप्पर नाही, बैठका उतरत्या, कुठूनही खेळपट्टी नीट दिसते. वानखेडेसारखी अंगावर येणारी गर्दीची भिंत इथं नाही. बघायला उत्तम, बसायला ऑक्टोबर हीट. दहा वाजायच्या आत मामांनी डोक्याला पंचा गुंडाळला.

नाणेफेक न्यूझीलंडने जिंकली आणि फलंदाजी घेतली. पुतण्याचा चेहरा पडला, त्याला विराट बघायचा होता. विराट आणि गहुंजे हे नातं आहेच तसं. १५ जानेवारी २०१७ ला, पूर्णवेळ वनडे कर्णधार म्हणून पहिल्याच सामन्यात, इंग्लंडच्या ३५० चा पाठलाग करताना भारत ४ बाद ६३ होता, तिथून त्याने १२२ काढल्या. त्याच्याबरोबर केदार जाधव, पुण्याचाच, ७६ चेंडूंत १२०. दोघांनी पाचव्या विकेटला दोनशे जोडल्या आणि ४९ व्या षटकात सामना संपला. मग २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४, त्याचा कसोटीतला सर्वोच्च डाव, आणि या मैदानावरच्या कसोट्यांतलाही. २०२३ च्या विश्वचषकात बांगलादेशाविरुद्ध नाबाद १०३. पुतण्याला हे सगळं पाठ. एका मैदानावर एवढं केलेला माणूस पुन्हा इथंच खेळणार, म्हणजे आणखी एक मोठा डाव ठरलेला, असा त्याचा हिशोब.

कॉन्वे ७६, रचिन रवींद्र ६५. न्यूझीलंड ३ बाद १९७ पर्यंत आरामात चालले होते. वहीत माझं निळं पेन चाललं होतं, लाल पेन कोरडं पडायला आलेलं. आणि मग वॉशिंग्टन सुंदर. बंगळूरची कसोटी संपल्यावर त्याला संघात घेतलं होतं, आणि त्याने येऊन ५९ धावांत सात घेतले. बाकीचे तीन अश्विनचे. दोघेही ऑफस्पिनर, दोघेही तामिळनाडूचे, दहाच्या दहा विकेट दोघांत. शेवटच्या सात विकेट ६२ धावांत गेल्या, सर्वबाद २५९. गोलंदाजीच्या रकान्यात इतर सगळ्यांसमोर शून्य लिहायचा योग रोज येत नाही.

संध्याकाळी रोहित शून्यावर त्रिफळाचीत, १ बाद १६. बाहेर पडताना मामा म्हणाले, "ही माती चांगली न्हाई." मी लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर : दुसरा दिवस

लक्ष द्यायला हवं होतं, कारण सकाळी मामा जरा खाली जाऊन उभे राहिले आणि वर येऊन त्यांनी व्याख्यानच दिलं. खेळपट्टी काळ्या मातीची होती हे पेपरात आलंच होतं. मामांचं म्हणणं असं, की काळी माती पाणी धरून ठेवते, पण वाळली की आवळते, भेगा धरते, वरचा थर भुगा होतो. उसाला चांगली, उभं राहायला वाईट. "खासबागेत आखाड्याला तांबडी माती का घालतात? त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून खणून खणून ती लोण्यागत करत्यात. पैलवानाचा पाय रुतला पाहिजे, पण अडकला न्हाई पाहिजे. ह्या मातीत पाय अडकतोय बघ." मी सुधारणा केली, की इथं पाय नाही, चेंडू अडकतो. "तेच की," ते म्हणाले. "चेंडू थांबला की माणूस आधीच हलून बसतोय. तोल गेला, संपलं." फिरकीवर फलंदाज का फसतो हे समालोचकांनी एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मी ऐकलं नाही.

या मैदानाचा आधीचा इतिहासही मामांच्या बाजूने होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इथं पहिली कसोटी झाली, तेव्हा भारत १०५ आणि १०७. स्टीव्ह ओकीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा घेतले. दोन्हीकडे तोच आकडा, ६/३५. त्या खेळपट्टीला आयसीसीने 'खराब' शेरा दिला. आणि त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात १०९ काढल्या, हेही विसरून चालणार नाही. अडीच वर्षांनी त्याच मैदानावर भारत ५ बाद ६०१.

तर शुक्रवारी सकाळी विराट आला. सगळं स्टेडियम उभं. पुतण्या बैठकीवर चढला. सँटनरचा एक चेंडू हवेतून थेट आला, टप्पाच नाही, फुलटॉस. विराटने आडव्या बॅटने मारायला घेतला आणि यष्ट्या गेल्या. एक धाव.

असा आवाज मी मैदानावर कधी ऐकला नव्हता, म्हणजे आवाज बंद होण्याचा. पुतण्या चढला होता तिथंच उभा, मागचा माणूस "खाली बस" म्हणायलाही विसरला. मी वहीत लाल पेनाने 'त्रि. गो. सँटनर १' लिहिलं. कोल्हापूर–पुणे प्रवास, आठवड्याची सुट्टी, आणि ओळीत एक टिकली.

जैस्वाल ३०, गिल ३०, पंत १८. उपाहाराला ७ बाद १०७. जडेजाने ३८ केल्या म्हणून १५६ तरी झाले. सँटनर ५३ धावांत सात. त्याचा वेग बघत राहावा असा बदलत होता. एक चेंडू जरा जोरात, पुढचा तोच हात, तेच पाऊल, पण हवेत थोडा जास्त. माझ्या वहीत त्याच्या षटकांत टिंबांच्या माळा झाल्या. मग टॉम लॅथम ८६, न्यूझीलंड ५ बाद १९८, आघाडी ३०१.

संध्याकाळी ताईने तांबडा-पांढरा केला होता. कोल्हापूरची ताई रावेतला जाऊन बारा वर्षं झाली तरी मसाला अजून माहेरचाच जातो. जेवताना दाजींनी विषय काढला. दाजी कंपनीत हिशोबात आहेत, त्यांना आकड्यांची आवड. "गहुंज्यात सगळ्यात भारी डाव कुठला?"

पुतण्या : "नाबाद २५४. विषय संपला."

दाजी म्हणाले, वनडेत मिचेल मार्श. ११ नोव्हेंबर २०२३, विश्वचषकात बांगलादेशाच्या ३०६ चा पाठलाग, १३२ चेंडूंत नाबाद १७७. ते त्या सामन्याला होते. त्याच विश्वचषकात दहा दिवस आधी इथं दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला ४ बाद ३५७ मारले, डी कॉक ११४ आणि व्हॅन डर डुसेन १३३. २०१७ च्या पाठलागात भारताचे ३५६ होते, त्यापेक्षा बरोबर एक धाव जास्त. ताई मधेच म्हणाली, की तिला बेन स्टोक्सचा तो ९९ आठवतो, २०२१ चा. कोरोनामुळं स्टेडियम रिकामं, ती टीव्हीवर बघत होती आणि चेंडू रिकाम्या खुर्च्यांत आपटल्याचा आवाज येत होता. ५२ चेंडू, दहा षटकार, आणि शतकाला एक कमी.

मग मी वही काढली, कारण मला हे आकडे असे नुसते बघायची सवय नाही. स्कोअरर डाव बघताना आधी चौकार-षटकार वजा करतो. उरतं ते पायांनी काढलेलं. मार्शच्या १७७ मध्ये १७ चौकार, ९ षटकार, म्हणजे १२२ धावा जागेवर उभं राहून. पळून काढल्या ५५. स्टोक्सच्या ९९ मध्ये पळून फक्त २३. विराटच्या २५४ मध्ये ३३ चौकार, दोन षटकार, म्हणजे १४४, उरल्या ११०. इथं विराट वेगळा दिसतो. शतकाहून जास्त धावा त्या ऑक्टोबरच्या उन्हात पळून, आणि वर जोडीदाराच्या धावा पळाल्या त्या वेगळ्या.

"आणि भाऊसाहेब?" मामा म्हणाले. क्रिकेटमधलं त्यांना एकच नाव माहीत, आणि ते बरोबर वेळी आलं.

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला गहुंज्याच्या विक्रमांचं फार कौतुक होत नाही त्याचं कारण हेच. पुण्यात सगळ्यात मोठा डाव खेळला तो आमच्या गावच्या माणसाने, आणि तोही हे स्टेडियम व्हायच्या चौसष्ट वर्षं आधी. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, रणजी सामना, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध, नाबाद ४४३. काठियावाड २३८ सर्वबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. के. व्ही. भांडारकर २०५, दोघांची दुसऱ्या विकेटला ४५५ ची भागी. भारतीयाने प्रथम श्रेणीत चारशे काढल्याचं हे एकमेव उदाहरण, आजही.

त्यात ४९ चौकार आणि एक षटकार. म्हणजे २०२. उरल्या २४१.

दाजींनी ताट बाजूला सारलं आणि स्वतः मोबाईलवर वजाबाकी केली. २४१ धावा पळून. मी पुढं सांगितलं. ब्रायन लाराच्या नाबाद ५०१ मध्ये ६२ चौकार आणि दहा षटकार, म्हणजे पळून १९३. भाऊसाहेबांपेक्षा ४८ कमी. डॉन ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ मध्ये चौकार ४९, भाऊसाहेबांइतकेच, षटकार नाही, पळून २५६. ४९४ मिनिटं भाऊसाहेब खेळपट्टीवर होते. सव्वाआठ तास. त्यातले भांडारकरांच्या आणि इतरांच्या धावा पळण्याचे फेरे धरले तर माणूस किती किलोमीटर धावला असेल हे पुतण्या काढायला लागला आणि बावीस यार्डांचं मीटर करताना अडला.

"मग पाचशे का न्हाई केले?" मामांचा रास्त प्रश्न.

कारण समोरचे निघून गेले. ब्रॅडमनला गाठायला नऊ धावा हव्या होत्या. मध्यंतर झालं, आणि काठियावाडचा कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमाखाली कायमचं लागावं हे त्यांना नको होतं, असं सांगतात. ते गेले, सामना सोडून दिला, आणि ४४३ पुढचं नाबादचं ताऱ्याचं चिन्ह तसंच राहिलं. त्या वेळी जगात तो ब्रॅडमनखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा डाव होता. आज लारा, हनीफ मोहम्मद (तो ४९९ वर धावबाद झाला, पाचशेसाठी पळताना) आणि ब्रॅडमन यांच्यानंतर चौथा.

आणि एवढं करून भाऊसाहेबांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, बस. म्हातारपणी सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ ला ते कोल्हापुरातच गेले, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना. गहुंज्याला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला २० डिसेंबर २०१२ ला, भारत–इंग्लंड टी-ट्वेंटी. मधे नऊ दिवस. तोच आकडा, ब्रॅडमनला कमी पडलेला. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका, पण स्कोअररच्या डोळ्याला असलं दिसतंच.

शनिवार, २६ ऑक्टोबर : तिसरा दिवस

सकाळी न्यूझीलंड २५५ वर आटोपले. जिंकायला ३५९. मैदानावर ज्याला त्याला एकच माहिती : भारतात तीनशेच्या वर पाठलाग झालाय तो एकदाच, चेन्नईला २००८ मध्ये, ३८७ चा, इंग्लंडविरुद्ध. प्रत्येक जण ते शेजाऱ्याला सांगत होता आणि शेजाऱ्याला ते आधीच माहीत होतं.

उपाहारापर्यंत मात्र गंमत झाली. जैस्वालने असा काही हात सोडला की १२ षटकांत १ बाद ८१. काळी माती, भेगा, भुगा, सगळं विसरलं. मामासुद्धा पंचा फिरवायला लागले. पुतण्याने मला मोठ्या आवाजात सांगितलं, की आज इथंच बसून संपवायचं. जैस्वाल ७७ वर सँटनरला स्लिपमध्ये देऊन गेला आणि तिथून वही पुन्हा लाल व्हायला लागली.

विराट १७, सँटनर, पायचीत. मी त्याचे गहुंज्यातले कसोटी डाव वहीच्या मागच्या पानावर एका खाली एक मांडले : ०, १३, नाबाद २५४, १, १७. तो एक डाव बाजूला काढला तर चार डावांत ३१ धावा. पुतण्याला दाखवलं नाही. कधीतरी स्वतःच बेरीज करेल.

त्यानंतर पंत. चोरटी धाव घ्यायला निघाला आणि शून्यावर धावबाद. आदल्या रात्री पळून काढलेल्या धावांवर एवढं पुराण झालेलं, त्यामुळं आमच्या ओळीत चौघांनी एकदमच कपाळावर हात मारला. मामा तेवढं बोलले : "भाऊसाहेबांनी २४१ काढल्या, ह्याला एक जमंना." पंतवर हा अन्याय आहे, हे मलाही कळतं. पंतने आपल्या पद्धतीने केवढे सामने जिंकून दिलेत. पण त्या क्षणी मामांना कोण सांगणार.

जडेजा शेवटपर्यंत ४२ करून गेला. सर्वबाद २४५, ११३ धावांनी पराभव. सँटनरचे सामन्यात १३ बळी. मायदेशात बारा वर्षांनी मालिका गेली, सलग अठरा मालिका जिंकल्यानंतर. आणि न्यूझीलंडने भारतात कसोटी मालिका जिंकली ती इतिहासात पहिल्यांदा. समोर पाहुण्या संघाचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते आणि आजूबाजूचे लोक, मनापासून सांगतो, टाळ्या वाजवत होते. शिव्या पार्किंगमध्ये सुरू झाल्या.

माझ्या नव्या वहीत दोन्ही संघांचे मिळून चार डाव, आणि त्यात एकही शतक नाही. सर्वोच्च लॅथमचे ८६. गहुंज्यातल्या तिन्ही कसोट्या मिळून शतकं तीनच : स्मिथ १०९, मयांक अगरवाल १०८, विराट नाबाद २५४. फलंदाजीचं मैदान म्हणून गहुंज्याचा जो बोलबाला आहे तो पांढऱ्या चेंडूचा. लाल चेंडू हातात आला की ही माती दुसऱ्याच कुणाच्या बाजूने बोलते. चौथ्या-पाचव्या दिवसाची तिकिटं वहीत चिकटवून ठेवली.

रविवार, २७ ऑक्टोबर : स्वारगेट, आणि घरी

सामना उरला नाही म्हणून ताईने दिवाळीची खरेदी काढली. तिला मामींसाठीच्या साड्या घ्यायला लक्ष्मी रोडला सोडून मी पुतण्याला स्वारगेटला नेलं, नेहरू स्टेडियम दाखवायला. बाहेरून दुकानं, आत जुना पॅव्हेलियन. त्याला विश्वास बसेना की गहुंज्याआधी पुण्याचे आंतरराष्ट्रीय सामने इथं, एसटी स्टँडच्या शेजारी होत होते. डिसेंबर १९८४ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिलीप वेंगसरकरांनी इथं १०५ काढल्या, त्यांचं वनडेतलं एकमेव शतक, आणि त्याला उत्तर म्हणून माइक गॅटिंगने नाबाद ११५ करून सामना नेला. पण या मैदानाचा खरा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषक. केनिया १६६ सर्वबाद, आणि त्यावर लारा, रिचर्डसन असलेला वेस्ट इंडिजचा संघ ९३ सर्वबाद. लारा ८. हाच लारा, दोन वर्षांपूर्वी ५०१ केलेला. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, पुण्यात मोठ्या लोकांचं असंच होतंय."

दुपारी निघालो. खंबाटकीच्या आधी दिवाळीची गर्दी, सातारा ओलांडायला संध्याकाळ. भडंगाची पिशवी एकदाची उघडली, ती साताऱ्याला संपली. कावळा नाक्याला गाडी थांबवली तेव्हा चहाच्या गाड्यावर आमच्या क्लबची पोरं होतीच. त्यातला आमचा सलामीचा फलंदाज लगेच : "काय, बघून आलासा? हरवूनच आलासा की."

मी वही उघडून दाखवली. सँटनरच्या माळा दाखवल्या, वॉशिंग्टनचे सात दाखवले, शेवटी मागच्या पानावरची वजाबाकी दाखवली. ती बघून जो वाद पेटला तो थांबेना. एक म्हणे, १९४८ च्या गोलंदाजीवर ४४३ म्हणजे काय विशेष, आज गहुंज्यात सँटनरसमोर उभे राहिले असते तर कळलं असतं. दुसरा म्हणे, मग आजचा कुणी सव्वाआठ तास झाकल्या खेळपट्टीशिवाय, जुन्या बॅटने आणि हेल्मेटशिवाय खेळून दाखवावा. तिसऱ्याचं म्हणणं, केदार जाधवने २०१२ ला उत्तर प्रदेशाविरुद्ध पुण्यात ३२७ काढल्या होत्या, त्याला आणखी एक दिवस दिला असता तर? यावर आमच्याकडं लगेच मान डोलावली गेली, कारण एमपीएलमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये, केदार कोल्हापूर टस्कर्सचा कर्णधार होता, म्हणजे तो निम्मा आमचाच. चौथा म्हणाला, ४४३ काढणारी पोरगी तर अजून जन्मायचीय, अनुजा पाटीलसारखी भारताकडून खेळलेली मुलगी आपल्याच गावची. तर दोघं त्याच्यावर धावून गेले, की तू विषय बदलू नको.

गाडीवाल्याने दुसरा चहा न मागता दिला. शेवटी सगळ्यांनी मामांकडं बघितलं, कारण ते वयाने मोठे आणि गहुंज्याची माती स्वतः बघून आलेले.

मामांनी कप खाली ठेवला. "खेळतील की. कुणीतरी ४४३ काढंल, ५०० बी काढंल. फकस्त समोरच्या कर्णधाराला आधी बांधून घाला. त्यो राजकोटकडं निघाला की संपलं."